तमाशा नको, सभ्य कार्यक्रम पाहिजे म्हणे

आमच्या गावच्या यात्रा कमिटीने यंदा ठरवलंय की तमाशा आणायचा नाही. (वाळवा तालुका. गावाचं नाव लिहीत नाही, दादा चिडेल.) चैत्रातली यात्रा, पालखी, दुपारी कुस्त्या, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची हजेरी, हे आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. यंदा तमाशाच्या जागी डीजे आणि लेझर शो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून भांडण पेटलंय आणि मी ते रात्री भांडी आवरून झाली की वाचत बसते, तेव्हा तिकडे सकाळ असते आणि सगळे चहा पिऊन ताजेतवाने होऊन भांडत असतात.

मुद्दा काय तर तमाशाने गावाचं नाव खराब होतं, पोरं बिघडतात, लेकीबाळींना मान खाली घालावी लागते, आणि आपलं गाव आता शिकलेल्या लोकांचं आहे, एखादा सभ्य कार्यक्रम ठेवू. सभ्य! डीजेवर जी गाणी लागतात त्यांचे शब्द या सभ्य लोकांनी एकदा कागदावर लिहून काढून घरात मोठ्याने वाचून दाखवावेत, मग बोलू.

मी राहते क्रिश्चनसबर्गला, व्हर्जिनियाच्या नैऋत्य कोपऱ्यात. नवरा इथल्याच डब्लिन गावच्या (आयर्लंडचं नव्हे) ट्रकच्या कारखान्यात आहे. न्यू जर्सीवाले मराठी लोक आम्हाला विचारतात की तुम्ही तिथे डोंगरात काय करता, तिथे इंडियन ग्रोसरी तरी मिळते का. मिळते, रोअनोकला जावं लागतं. तर या डोंगरातल्या लोकांच्या गाण्याची एकेकाळी शहरी अमेरिकेला अशीच लाज वाटायची. रेकॉर्ड कंपन्या ते 'हिलबिली' म्हणून विकायच्या, म्हणजे डोंगरातले अडाणी, अनवाणी, दारुडे लोक, त्यांचं ते किरकिर फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि नाकात गाणं. आणि आज त्याच गाण्याच्या पाट्या हायवेवर लागल्यात. द क्रूकेड रोड म्हणून तीनशेहून जास्त मैलांचा रस्ता आहे, २००४ मध्ये राज्याने त्याला अधिकृत दर्जा दिला, आणि त्याच्यावर फेरम, फ्लॉइड, गॅलॅक्स, अॅबिंग्डन, ब्रिस्टल, हिल्टन्स असं करत करत पार कोळशाच्या खाणींच्या मुलखापर्यंत जाता येतं, गाणं ऐकत. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, फोटोसकट. दोन अंगठे आले. एक माझ्याच मावसबहिणीचा.

ब्रिस्टलचं मला खास आवडतं. गावाची मेन रोड म्हणजे स्टेट स्ट्रीट, तिच्या मधोमध राज्याची हद्द, एका फुटपाथवर व्हर्जिनिया आणि समोरच्या फुटपाथवर टेनेसी. १९२७ च्या जुलैअखेरीस व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर नावाचा माणूस तिथे रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आला आणि एका टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत त्याने ५ ऑगस्टपर्यंत रेकॉर्डिंग केलं. १९ गट, ७६ रेकॉर्डिंग. पण सुरुवातीला फार कुणी फिरकलंच नव्हतं. मग पेपरात छापून आलं की गॅलॅक्सकडचा अर्नेस्ट स्टोनमन, जो मूळचा सुतार, त्याने आदल्या वर्षी गाण्यावर ३,६०० डॉलर कमावले. झालं! दुसऱ्या दिवसापासून डोंगरातून माणसांची रीघ. त्यातच मेसेस स्प्रिंगहून कार्टर कुटुंब आलं, ए. पी., त्याची बायको सॅरा आणि सॅराची चुलतबहीण मेबेल, जी तेव्हा अठरा वर्षांची होती आणि पोटुशी होती. अंगठ्याने खालच्या तारांवर चाल वाजवायची आणि बाकीच्या बोटांनी वर ताल धरायचा ही तिची गिटारची रीत, ती नंतर अख्ख्या देशाने उचलली.

हे ३,६०० डॉलर मी ग्रुपवर मुद्दाम लिहिले. कारण आमच्याकडे तमाशावर पहिला आक्षेप असतो की तो धंदेवाईक झालाय, नारायणगावला पाडव्याच्या आधी राहुट्या टाकून बसतात आणि सुपाऱ्या घेतात. मग काय करायचं त्यांनी? शंभर माणसांचा फड, ट्रक, तंबू, लाइट, त्यांची पोरंबाळं, हे सगळं काय तुमच्या टाळ्यांवर चालायचं? ब्रिस्टलला आलेले लोकही पैशासाठीच आले होते. वारसा वगैरे नंतर झाला. अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव करून ब्रिस्टलला कंट्री म्युझिकचं (त्या हिलबिलीचंच नंतरचं नाव) जन्मस्थान म्हटलं ते १९९८ मध्ये, आणि म्युझियम उघडलं २०१४ मध्ये. आणि तेही काही पुण्यकर्म म्हणून नाही, इथला कोळसा बसला, तंबाखू गेला, गॅलॅक्सचे फर्निचरचे आणि कापडाचे कारखाने बंद पडले, मग उरलं काय तर गाणं. ते त्यांनी विकायला काढलं. मला यात काही वाईट दिसत नाही.

आणि आमच्याकडे? पठ्ठे बापूराव आमच्याच तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मणाच्या घरातला माणूस तमाशात गेला, महार समाजातल्या पवळाबरोबर फड काढला, जातीने वाळीत टाकलं, आणि आज लावणी म्हटलं की त्यांचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतं. आमच्या शाळेत त्यांच्याबद्दल कुणी एक अक्षर सांगितल्याचं मला आठवत नाही. इथे चौथीतली पोरं शाळा सुटल्यावर बॅन्जो (तारांचं वाद्य, आपल्या वरातीतला बेंजो नव्हे) शिकतात, जॅम म्हणतात त्या कार्यक्रमाला, २००० साली शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात सुरू झाला आणि आता या सगळ्या डोंगराळ भागात पसरलाय. आमच्या तालुक्यात कुठल्या शाळेत ढोलकी शिकवतात ते कुणीतरी दाखवा.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते. पोटात कळा येत असताना नाचत होती, मागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. फॉरवर्ड करताना लोक हात जोडलेले इमोजी टाकतात. राष्ट्रपतींचं पदक मिळालं तिला. आणि २००२ मध्ये ती गेली तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. आता सरकार तिच्या नावाने जीवनगौरव देतं. ज्यांनी गौरव करायचा ते हात जोडतात आणि गावात तिच्या नातवंडांचा फड येणार म्हटलं की लेकीबाळी आठवतात.

एवढं मी लिहिलं तर दादाचा (चुलत भाऊ, कमिटीत आहे) व्हॉइस मेसेज आला, चार मिनिटांचा. मागे ट्रॅक्टरचा आवाज. "आगं तायडे, तिकडं बसून बोलायला काय जातंय तुझं. गेल्या साली पोरं पिऊन आली, स्टेजवर खडं मारलं, पोलीस पाटलाला मध्ये पडाय लागलं. त्या बायास्नी आम्ही कुठं तोंड दाखवायचं? तुझ्या त्या गोऱ्यांच्यात मारत्यात का खडं?"

नाही मारत. फ्लॉइडला तरी नाही मारत. फ्लॉइड म्हणजे आमच्यापासून अर्ध्या तासावरचं गाव, अख्ख्या काउंटीत मिळून एकच सिग्नल, आणि तिथल्या कंट्री स्टोअरमध्ये दर शुक्रवारी रात्री नाच असतो. दुकान म्हणजे खरोखरचं दुकान, बाजूला गोळ्याबिस्किटं आणि शेतकऱ्यांच्या डंगरी विकायला टांगलेल्या. पहिला तास गॉस्पेल, देवाची गाणी, तेव्हा कुणी नाचत नाही. मग फिडल-बॅन्जोवाले चढतात आणि खुर्च्यांच्या मधल्या लाकडी फळ्यांवर माणसं उतरतात. दारू बंद, शिव्या बंद. ऐंशीच्या आसपासची एक आजी येते, पांढरे बूट, त्यांच्या तळाला लोखंडी पत्रे ठोकलेले. ती नाचते म्हणजे कमरेच्या वर काही हलतच नाही, हात लोंबते सोडलेले, चेहऱ्यावर भाजी निवडताना असतो तसा भाव, आणि खाली पाय फळीला चिकटून असे काही वाजतात की फिडलवाला तिच्याकडे बघून वाजवायला लागतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण मला तो आवाज माहीत होता. चाळाचा आवाज. तिच्या शेजारी तिचा नातू, पाच-सहा वर्षांचा, तोही पाय आपटतोय. एक बाई ऑफिसच्या कपड्यांत. एक पाद्री.

हे मी दादाला सांगितलं, की बघ, इथे बायापोरांसकट सगळे नाचतात म्हणून कुणी खडे मारत नाही, स्वतःची आजी फळीवर असली की कोण मारेल. तुम्ही दुसऱ्याच्या आयाबहिणींना पैसे देऊन नाचवता आणि तुमच्या आयाबहिणींना घरात कोंडता, म्हणून ते खडे. मला वाटतं हा माझा सगळ्यात चांगला मुद्दा होता आणि दादाने त्याला उत्तर दिलं नाही.

मी त्याला काय सांगितलं नाही तेही लिहिते, इथे लिहायला हरकत नाही. गॅलॅक्सला ऑगस्टमध्ये ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन नावाचा गाण्याबजावण्याचा मेळा असतो, १९३५ पासून चालू आहे, तिथे आठवडाभर लोक कॅम्पर लावून राहतात आणि रात्री त्या तंबूंमध्ये गाणं जेवढं चालतं तेवढंच बाकीचंही चालतं. पार्किंगमध्ये पिकअपवर कॉन्फेडरेट झेंडे दिसतात, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे, मी मुलीचा हात धरून जरा लांबून जाते. आणि फ्लॉइडच्या त्या गर्दीत सावळ्या रंगाचे बहुतेक वेळा आम्हीच. लोक चांगले आहेत, फार चांगले आहेत, खुर्ची देतात, पाय विचारतात दुखतात का, आणि मग विचारतात की तुम्ही मूळच्या कुठल्या.

आणि बॅन्जो तर आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेलं वाद्य. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरात हिंडायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल असायचा, किंग्जपोर्टचा काळा गिटारवादक, एक पाय अपघातात गेलेला. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा आणि चाल रिडल डोक्यात ठेवायचा. मेबेलने त्याच्याकडून शिकलं. पण रेकॉर्डवर नाव कार्टरांचं. रिडलला शोधून काढलं ते साठच्या दशकात, तेव्हा तो गाणंबिणं सोडून न्यूयॉर्क राज्यात राहत होता. तेव्हा अब्रू मिळाली गाण्याला हे खरं, पण आधी ते गोरं झालं आणि मग मिळाली. आमच्याकडे लावणी टीव्हीवर नऊवारी-नथ घालून आली, शाळेच्या गॅदरिंगला आली, न्यू जर्सीच्या गणपतीत डॉक्टरांच्या बायकांनी केली, सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. फड मात्र अजून कोल्हाट्यांचा आणि महार-मांगांचाच, त्याला अब्रू नाही. हे दोन्हीकडे सारखंच आहे, आणि ग्रुपवर हे लिहिलं असतं तर माझा व्हर्जिनियाचा मुद्दा अर्धा गळून पडला असता, म्हणून नाही लिहिलं. भांडणात कोण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतं.

खरी गोची वेगळीच आहे. दादाने शेवटी विचारलं, "तू तरी बघितलायस का गं एकदा तरी?" नाही बघितला. आमच्या घरातल्या बायकांनी कुणीच नाही बघितला. यात्रेच्या रात्री वडील आणि काका जेवून जायचे, आम्ही मुली माडीवर झोपायचो, आणि गावाच्या त्या टोकाहून ढोलकी आणि हलगी यायची, मधेच हशा यायचा, कशाला हसले ते कळायचं नाही. आई म्हणायची झोप. मला गण-गवळण-बतावणी-वग हा क्रम पुस्तकातून माहीत आहे. फड जवळून बघितला तो यूट्यूबवर, क्रिश्चनसबर्गच्या किचनमध्ये. मी ज्याच्यासाठी इतकी भांडते ते माझं कधी होतंच नाही, आणि मी बाई म्हणून नव्हतं, एवढाच माझा आणि कमिटीचा लेकीबाळींबद्दल मतभेद.

फ्लॉइडला मी फळीवर उतरते. वाईट नाचते. पाय जमिनीला चिकटवून ठेवायचे असतात ते माझे उचलले जातात, आजी म्हणते खाली ठेव, खाली ठेव. नवरा व्हिडिओ काढतो, मी त्याला कुठे टाकू देत नाही, सासरी दिसलं तर प्रश्न येतील. म्हणजे एकीकडे मी माझ्या गावाला धीट व्हा म्हणून सुनावते आणि दुसरीकडे माझाच व्हिडिओ लपवते. बरं, फ्लॉइडचं गाणं आपलं म्हणावं तर तसंही म्हणवत नाही. हिल्टन्सला कार्टर फोल्ड म्हणून सभागृह आहे, तिथे शनिवारी कार्यक्रम असतो, ए. पी.च्या मुलीने, जॅनेटने, वडिलांना शब्द दिला होता म्हणून सत्तरच्या दशकात सुरू केला, विजेची वाद्यं चालत नाहीत. कंट्रीचा मोठा गायक जॉनी कॅश, त्याला तेवढी सूट होती म्हणतात, घरचा जावई, मेबेलचा. २००३ च्या जुलैमध्ये त्याचं शेवटचं जाहीर गाणं तिथेच झालं, बायको जाऊन दोन महिने झाले होते. तिथे बसलं की माझ्या शेजारची बाई डोळे पुसत असते, तिच्या आजोबांचं गाणं असतं ते. मी पण पुसते, पण कुणाचे आजोबा आठवून ते मला विचारू नका.

दादाचा परवाचा मेसेज असा आहे की डीजेच पक्का झालाय, पण पुढच्या साली तू ये, माहेरवाशिणींसाठी पुढे वेगळी बैठक टाकू आणि मग तमाशा आणू, तू ठरव कुठला फड. मला चैत्रात सुट्टी मिळत नाही हे त्याला माहीत आहे. मुलींची स्प्रिंग ब्रेक मार्चमध्ये संपते. चलाख आहे तो. मी लिहिलं वेगळी बैठक नको, सगळ्यांची एकच टाका. त्यावर एका काकांनी लिहिलं की परदेशातल्या मंडळींनी वर्गणी वेळेवर पाठवावी.

पाठवली. गेल्या वेळी पावती नवऱ्याच्या आडनावाने आली होती, अमेरिकास्थित वगैरे लिहून. यंदा सांगितलंय की वडिलांच्या घराण्याच्या यादीत घाला, माझ्या नावाने. कमिटी विचार करून कळवणार आहे.