फिल्म, डिजिटल आणि आजीचे पांढरे केस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फिल्म आणि डिजिटल कॅमेऱ्यांवरच्या माझ्या लेखाला दिलेल्या इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : फिल्मची डायनॅमिक रेंज (गडद सावलीपासून लख्ख उजेडापर्यंतचे तपशील एकाच फोटोत टिपण्याची क्षमता) डिजिटलपेक्षा जास्त असते हे माझं विधान चुकीचं आहे, 'फिल्म लूक' आता प्रीसेटने, म्हणजे संगणकावरच्या तयार सेटिंगने, मिळतो, आणि डिजिटल आहे तसं दाखवतं तर फिल्म रंग चढवते. शेवटी तुम्ही विचारलंय, पैसे घेऊन काम करताना मी स्वतः कोणता कॅमेरा नेतो.

पहिला आक्षेप मान्य. आजच्या चांगल्या सेन्सरने बहुतेक फिल्मना मागे टाकलंय, स्लाइड फिल्मला (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सुलटं चित्र उमटतं) तर फारच. मी सरसकट लिहायला नको होतं. लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलं आहे.

त्या वाक्यामागचा अनुभव मात्र सांगायलाच हवा. आजी खिडकीशी बसली होती. चेहरा सावलीत, आणि ऊन थेट पांढऱ्या केसांवर. चेहऱ्यावर मीटर धरून त्याच मोजणीने दोन फोटो काढले, एक कृष्णधवल निगेटिव्हवर, एक डिजिटलवर. डिजिटलमध्ये चेहरा सुरेख आला, पण केसांच्या जागी नुसता पांढरा डाग. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ नोंद) उघडून हायलाइटचा, म्हणजे उजळ भागांचा, स्लायडर पार खाली ओढला, तर डाग राखाडी झाला. केस काही आले नाहीत. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो, त्यामुळे तीच जागा दाट काळी होती. प्रिंट करताना चेहऱ्यापुरता प्रकाश झाल्यावर बाकी कागद हाताने झाकला आणि केसांच्या भागाला जवळजवळ दुप्पट वेळ आणखी दिला. मग लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवत राहिलो. आधी खिडकीची चौकट उमटली, मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी कपाळावरच्या बटा, एकेक करून.

असं का होतं? सेन्सरचा पिक्सेल भांड्यासारखा असतो. प्रकाश दुप्पट झाला की त्यात साठणारा विद्युतभारही दुप्पट, आणि भांडं काठोकाठ भरलं की पुढचं सगळं वाया. निगेटिव्हमध्ये चांदीच्या क्षाराचे लहानमोठे कण असतात. मोठे कण थोड्या प्रकाशातच प्रतिसाद देतात, बारीक कणांना जास्त लागतो. त्यामुळे प्रकाश वाढत गेला तरी निगेटिव्ह एकदम भरत नाही, हळूहळू मंदावते. प्रकाश वाढेल तसा निगेटिव्हचा काळेपणा कसा वाढतो, याचा वक्र हर्टर आणि ड्रिफील्ड या संशोधकांनी १८९० मध्येच मांडला होता. त्याच्या वरच्या वळणाला 'शोल्डर' म्हणतात. आजीच्या बटा त्या वळणावर वाचल्या.

आता तुमच्या बाजूचं. त्याच खिडकीत मी डिजिटलला दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) कमी एक्स्पोजर दिलं असतं, तर केस राहिले असते आणि सावलीतला चेहरा रॉमधून सहज उचलता आला असता. फिल्मवर असं केलं तर सावली कोरी राहते. जे नोंदलंच गेलं नाही ते कुठून आणणार? म्हणजे त्या दिवशी मी फिल्मची सवय डिजिटलवर लादली होती. फिल्मवर सावली सांभाळायची, डिजिटलवर उजेड. लेखात मला हेच लिहायचं होतं, आणि ते नीट उतरलं नाही.

प्रीसेटबद्दल थोडंच. रंग आणि कॉन्ट्रास्ट बऱ्यापैकी जवळ नेता येतो, हे खरं. ग्रेनचं, म्हणजे फिल्मच्या दाण्यांचं, तसं नाही. बहुतेक प्रीसेट तयार फोटोवर दाणे पसरतात. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये दाणे हाच फोटो असतो, त्यांच्याखाली दुसरं चित्र नसतं. मोठा प्रिंट काढून जवळून बघा, फरक जाणवेल.

'डिजिटल आहे तसं दाखवतं' हे मात्र अजिबात पटत नाही. बहुतेक सेन्सरवर कोडॅक कंपनीतले संशोधक ब्राइस बेयर यांनी आखलेली, १९७६ साली पेटंट मिळालेली रंगांची जाळी असते : निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून गणित करून भरले जातात. त्यावर व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेची दुरुस्ती), त्यावर कंपनीने ठरवलेला टोन कर्व्ह (उजेड-सावलीची मांडणी), आणि मग जेपेग. रंगीत फिल्ममध्ये तिन्ही रंगांचे थर निदान एकावर एक असतात, तरी तिथेही रंगछटा रोल बनवणाऱ्यानेच ठरवलेली. रंग दोघंही चढवतात.

आणि तुमचा प्रश्न. कामाला डिजिटलच नेतो. उजेड घटकेत बदलतो, तेव्हा दर फोटोला आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) बदलता यावा लागतो. रोलमध्ये तो एकदा ठरला की शेवटच्या फ्रेमपर्यंत तोच. शिवाय दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद होते. दुसऱ्याच्या आठवणी हातात घेतल्यावर रोल धुताना काही बिघडलं, असं सांगायची वेळ मला येऊ द्यायची नाही. आजीचे फोटो मात्र त्यानंतरही मी फिल्मवरच काढत राहिलो.