स्टँडअप म्हणे!
स्टँडअप म्हणजे ऑफिसात टीमची रोजची, उभ्याउभ्या उरकायची १५ मिनिटांची मीटिंग. आमची रोज पाऊण तास चालते आणि उभं कोणीच नसतं, २३ जण कॅमेरा बंद करून बसलेत, कुणाच्या तरी मागे कुकरची शिट्टी, आणि मॅनेजर एकेकाला विचारतोय 'काल काय केलंस?' अरे बाबा, काल दिवसभर तुझ्याच मीटिंगा केल्या ना!

२००१ मध्ये अमेरिकेत युटातल्या स्नोबर्डला १७ सॉफ्टवेअरवाले बसले, 'अजाईल' म्हणजे लवचीकपणे काम करायची तत्त्वं मांडली आणि सांगून गेले, प्रोसेसपेक्षा माणसं महत्त्वाची. आमच्याकडे काय? वर्षाचा स्कोप, तारीख, बजेट सगळं आधीच फिक्स, त्याचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले की झालो अजाईल!

परवा एका बटणाचा रंग बदलायचा होता. जिरावर, म्हणजे कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर, तिकीट, मग त्याचे पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाज) २ की ३ यावर वीस मिनिटं काथ्याकूट, मग चेंज बोर्डाची मंजुरी, आणि ते बोर्ड बसतं फक्त गुरुवारी. बटण अजून निळंच आहे. आणि 'पॉइंट म्हणजे तास नव्हेत' असं ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगणारेच एक्सेलमध्ये एक पॉइंट बरोब्बर ८ तास धरतात, वर बाजूच्या टीमची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे त्या दोन आठवड्यांच्या तुकड्यात, संपवलेले पॉइंट) ४० आणि तुमची २८च का म्हणून झापतात. ठीके, पुढच्या स्प्रिंटला बटणाला १३ लावतो, खूश?

रेट्रोत, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय चुकलं ते बोलायच्या मीटिंगमध्ये, हे बोललो तर 'छान मुद्दा' म्हणून पिवळी चिठ्ठी चिकटवली. मागच्या रेट्रोतलीच आहे ती.