नवजात बाळाचे एन्झाइम ‘वाढले’ म्हणजे यकृत बिघडले?

मुंबईतील नव्या आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे: बाळाच्या रिपोर्टमध्ये यकृताची एन्झाइम लाल अक्षरांत आली, तर यकृत बिघडले आहे, दोष आईच्या दुधाचा, म्हणून दूध बंद करून बाळाला कोवळे ऊन द्यावे. यातील एकही विधान टिकत नाही.

पहिला मुद्दा लाल अक्षरांचा. रिपोर्टवर छापलेली मर्यादा बहुधा मोठ्या माणसांची असते. अल्कलाइन फॉस्फेटेज हे यकृताप्रमाणेच हाडांतही तयार होणारे एन्झाइम प्रौढांत साधारण १२०पर्यंत असते. बाळाची हाडे झपाट्याने वाढत असल्याने त्याच्यात ते ३०० असणेही स्वाभाविक आहे. जीजीटी हे यकृताच्या तपासणीतले दुसरे एन्झाइम तर पहिल्या काही आठवड्यांत प्रौढांच्या कित्येक पट असते आणि पुढच्या महिन्यांत आपोआप उतरते.

दुसरे, एसजीओटी हे त्याच रिपोर्टमधले एन्झाइम केवळ यकृतात नसते. ते स्नायूंत, हृदयात आणि तांबड्या रक्तपेशींतही असते. टाचेला टोचून, पाय दाबून दाबून थेंब काढताना रक्तपेशी फुटल्या, तर नमुन्यातील द्रव लालसर होतो आणि आकडा वाढतो. म्हणून सोबतचे, मुख्यतः यकृतात असणारे एसजीपीटी पाहावे आणि गरज पडल्यास शिरेतून रक्त घेऊन तपासणी पुन्हा करावी.

खरी वाढही होते, हे नाकारता येणार नाही. जन्मताना प्राणवायू कमी पडणे, जंतुसंसर्ग, गर्भातच झालेली सीएमव्ही या विषाणूची लागण, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला अनेक आठवडे शिरेतून द्यावे लागलेले पोषण ही त्याची कारणे आहेत. गॅलॅक्टोसेमियात, म्हणजे दुधातील साखरेचा एक घटक शरीराला वापरता न येण्याच्या जन्मजात आजारात, दूध खरोखरच थांबवावे लागते, पण हा आजार अत्यंत दुर्मीळ असून तो निर्णय डॉक्टरांचा आहे. एरवी आईच्या दुधामुळे लांबणाऱ्या काविळीत ही एन्झाइम वाढत नाहीत. अशा वेळी दूध तोडणे हा बाळावर निव्वळ अन्याय आहे.

उन्हाचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात मोलाचे दिवस जातात. कावीळ १४ दिवसांपुढे टिकली, शी पांढुरकी होऊ लागली किंवा लघवीचे पिवळे डाग दुपट्यावर पडू लागले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन डायरेक्ट बिलिरुबिन (पित्ताचा मार्ग अडला की रक्तात साचणारे पिवळे द्रव्य) तपासून घ्यावे. पित्तनलिका बंद असतील, तर पित्ताला आतड्यात जायला वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. त्यानंतर ती घटत जाते.