वास: स्वीकारार्ह

आज सकाळी एका मैत्रिणीने एक छायाचित्र पाठवले. एका कारखान्याने वस्तीला पाणी शुद्ध करणारे यंत्र भेट दिले आहे, त्याला फीत बांधली आहे, फीत कापणाऱ्यांच्या मागे ‘सामाजिक बांधिलकी’ असा फलक आहे आणि कडेला, अर्धी चौकटीबाहेर गेलेली, माझी मावशी रिकामी कळशी घेऊन उभी आहे. कारखान्याचे नाव मी लिहीत नाही. अब्रुनुकसानीच्या नोटिशीला उत्तर देण्याची माझी ऐपत नाही.

याच कारखान्याने नासवलेल्या मावशीच्या विहिरीची हकिगत तुमच्यापैकी अनेकांनी माझ्याकडून ऐकली आहे, तरी पुन्हा सांगते. पाण्याला पहिल्यांदा वास आला तेव्हा तिने औषधाची एक रिकामी बाटली उकळून घेतली, तीत विहिरीचे पाणी भरले, बूच घट्ट लावले आणि चिकटपट्टीवर तारीख घालून ती खिडकीत ठेवली. पुढे दर महिन्याला एक. पहिल्या तीन बाटल्या नितळ आहेत, चौथीच्या तळाशी पिवळसर साका आहे आणि नवव्या बाटलीतून पलीकडचे गज दिसत नाहीत. कारखान्याने नेमलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र ‘रंग: नाही, वास: स्वीकारार्ह’ असे छापून आले. नमुना विहिरीचा नव्हताच. टँकरने भरून दिलेल्या टाकीचा होता. मावशीने बाटल्या पुढे केल्या तेव्हा आलेल्या अधिकाऱ्याने अत्यंत सौजन्याने सांगितले, “बाई, यांना सील नाही. पुरावा म्हणून या चालणार नाहीत.”

त्या सौजन्याचा मला आजही संताप येतो. कारखान्यात कोणते रसायन येते, किती वापरले जाते आणि उरलेले कोठे सोडले जाते, याची नोंदवही कारखान्याच्या कपाटात असते. मावशीजवळ तिचे नाक आणि नऊ बाटल्या होत्या. तरी सिद्ध करायचे ते मावशीने! दिल्लीतील ओलियम वायूगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्येच सांगितले होते की, घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे, कारण धोका ओळखण्याची आणि टाळण्याची साधने केवळ त्याच्याकडेच असतात. इतके साधे तत्त्व विहिरीच्या काठापर्यंत पोचायला आणखी किती वर्षे लागायची आहेत?

उदयपूरजवळच्या बिछडीचे काय झाले ते आठवा. रंग बनवायला लागणारे ‘एच ॲसिड’ नावाचे रसायन तेथे जेमतेम ३७५ टन तयार झाले आणि त्यापायी सुमारे २,४०० टन विषारी गाळ मागे उरला, जो उघड्यावर टाकला गेला, जमिनीत मुरला आणि त्याने विहिरींचे पाणी काळपट करून टाकले. ज्याने प्रदूषण केले त्याने किंमत मोजावी, असा निकाल १९९६ मध्ये लागला. मग कंपन्यांनी अर्जांवर अर्ज करून पंधरा वर्षे काढली, आणि २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरा, असे बजावावे लागले. न्यायालयात तारखा पडत होत्या तोवर माणसे पाणी पितच होती, हे लिहिताना माझे बोट कळफलकावर जरा जोरातच आपटते आहे.

अमेरिकेत तरी वेगळे काय घडले? न चिकटणाऱ्या तव्यांवरचे टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरले जाणारे ‘सी-८’ हे रसायन आसपासच्या वस्त्यांच्या नळाच्या पाण्यात असल्याचे ते वापरणाऱ्या ड्यूपाँट कंपनीला १९८४ मध्ये स्वतःच्याच चाचण्यांतून कळले होते. लोकांना ते पुढे कित्येक वर्षे कळले नाही. शेवटी सुमारे ६९ हजार माणसांनी आपले रक्त तपासायला दिले, शास्त्रज्ञांनी २०१२ पर्यंत अभ्यास करून सहा आजारांशी त्याचा संबंध असण्याची शक्यता दाखवली, आणि २०१७ मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास दाव्यांपोटी सुमारे ६७ कोटी डॉलर देण्याचे ठरले. मावशीच्या बाटल्यांना सील नव्हते म्हणतात. तेथे माणसांनी स्वतःच्या अंगातून बाटल्या भरून दिल्या, तेव्हा कोठे पुरावा झाला.

कारखान्यामुळे चार घरांत पगार येतो आणि काही ठिकाणी आर्सेनिक किंवा फ्लोराइड निसर्गतःच पाण्यात असते, हे मला ठाऊक आहे, मान्यही आहे. पण तेवढ्यासाठी ज्याने विहीर नासवली त्यानेच नमुना घ्यावा, त्यानेच प्रयोगशाळा नेमावी आणि त्यानेच फीत कापावी, हे मी मान्य करणार नाही. टँकर आला तेव्हा पोचपावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ अशी ओळ होती. मावशीने चष्मा लावून ती वाचली, खोडली आणि मग सही केली. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही.

एवढे लिहून झाल्यावर मी तिला फोन केला. वाटले होते, तीही चिडलेली असेल. ती यंत्राच्या रांगेतून नुकतीच परतली होती आणि तिला धाप लागली होती.

“तू त्यांचे पाणी आणलेस?” मी विचारले.

“आणले तर. तहान काय निकालापर्यंत थांबते? पाणी मी भरते, भांडण तू कर,” ती म्हणाली.

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरे सांगायचे तर मला थोडी लाजही वाटली. फोन ठेवण्यापूर्वी तिने विचारले की, खिडकीतली जागा अडते आहे, तर त्या बाटल्या आता टाकून देऊ का. मी नको म्हणाले. यंत्रातल्या पाण्याचीही एक भरून ठेव, तारीख घालून, असे सांगितले. “ती आधीच भरली,” मावशी म्हणाली.