दलाली वाचते, पण व्यवहार?

"घर विकायचंय? घ्यायचंय? दलालाच्या नादी लागू नका. सगळी घरं फोनवर दिसतात. दलाल फक्त कुलूप उघडतो आणि दोन टक्के घेऊन जातो. कागदपत्रं वकील बघतो. वर दलाल तुमच्या नाही, स्वतःच्या फायद्याचं बघतो, आणि टोकन (इसार) झालं की गायब होतो." अशा अर्थाचा मजकूर गेल्या काही महिन्यांत मला चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांना खरंच घर विकायचं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

हा सल्ला मी स्वतः पाळून पाहिला आहे. आईवडिलांच्या पश्चात त्यांचं घर विकायचं ठरलं, तेव्हा मी आणि माझा भाऊ सात महिने स्वतःच गिऱ्हाईक शोधत होतो. घर विकलं गेलं नाही. शेवटी एका एजंटबाईंनी ते विकून दिलं. एका घरावरून सगळ्या घरांचा नियम काढता येत नाही हे मला कळतं. पण त्या मजकुरातला एकेक मुद्दा तपासायला तो अनुभव पुरेसा आहे.

पहिला मुद्दा: सगळी घरं फोनवर दिसतात. दिसतात, आणि हे चांगलंच झालं. पूर्वी ही माहिती एजंटच्या वहीत बंद असायची. पण जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत. व्यवहार शेवटी कितीला ठरला, हे घर वर्षभर पडून आहे की परवाच आलं, मालकाला घाई आहे की तो नुसता अंदाज घेतोय, हे तिथे लिहिलेलं नसतं. आम्ही आमची किंमत कशी ठरवली सांगू? वडिलांनी घरावर केलेला खर्च धरला, शेजारच्या घराचा कानावर आलेला आकडा धरला आणि वर थोडा मायेचा भाग चढवला. एजंटबाईंनी विचारलं, "शेजारचं घर कधी विकलं गेलं? किती दिवस लागले? तो आकडा मागितलेला होता की मिळालेला?" तिन्ही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हतं.

हे फक्त आमचंच होत नाही. बॉस्टनमधल्या 1990 च्या दशकातल्या सदनिकांचा अभ्यास जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी पैसे मिळण्याची वेळ आली होती, ते मालक इतरांपेक्षा चढी किंमत मागत होते, आणि त्यांची घरं जास्त काळ अडकून पडत होती. आपण किती दिले हे मालकाच्या डोक्यातून जात नाही. घेणाऱ्याला मात्र त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

दुसरा मुद्दा: दलाल फक्त कुलूप उघडतो. या वाक्याचा मला खरोखर राग येतो, कारण खरं काम इथेच असतं. बाई पहिल्यांदा घर बघायला आल्या तेव्हा त्यांनी फोटो काढले नाहीत. नळ सोडले, खिडक्या उघडून लावून पाहिल्या आणि मागच्या खोलीतलं कपाट पुढे ओढायला सांगितलं. कपाटामागे भिंतीवर हात-दीड हात ओलीचा डाग होता, रंगाचे पापुद्रे सुटलेले. आम्हाला तो माहीत होता. खरं सांगायचं तर कपाट तिथे त्यासाठीच होतं. बाई म्हणाल्या, "हे आधी दुरुस्त करा. आणि दुरुस्त केलंय हे येणाऱ्याला आपणहून सांगायचं. त्याला स्वतःला सापडलं, तर तो आणखी दहा गोष्टी लपवल्यात असं धरून चालेल." आधी आलेल्या दोन पार्ट्या पुन्हा फोन न करता का गेल्या असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

मग घासाघीस. आमच्या सात महिन्यांत एक जोडपं जवळजवळ तयार झालं होतं. बोलता बोलता त्या गृहस्थांनी स्वयंपाकघराकडे हात करून म्हटलं, "हे सगळं तोडूनच टाकावं लागेल." ते ओटा-फडताळं आईने हौसेने करून घेतलेली. मी काहीतरी तोडून बोलले, भाऊ गप्प बसला, व्यवहार तिथेच मोडला. त्यांनी किंमत वाईट सांगितली नव्हती. एजंटमार्फत गिऱ्हाईक आलं तेव्हा बाईंनी आम्हाला घराबाहेरच थांबायला सांगितलं. त्या पार्टीनेही ओट्याबद्दल असंच काही म्हटलं असणार. बाईंनी आमच्यापर्यंत फक्त एवढंच आणलं: "स्वयंपाकघराच्या कामाचे पैसे ते किमतीतून कमी मागतायत. निम्म्यावर तयार होतील असं वाटतं." तीच गोष्ट, पण आता तिच्यावर विचार करता येत होता. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना "नाही" म्हणून पुन्हा बोलणी सुरू करणं जड जातं. मधल्या माणसाला ते जमतं, कारण त्याचा अहंकार त्यात नसतो.

तिसरा मुद्दा: दलालीचे ते दोन टक्के वाचतात. इथे मी प्रामाणिकपणे मान्य करते की वाचू शकतात. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या घरविक्रीचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. मालकांनी स्वतः संकेतस्थळावर टाकून विकलेली घरं आणि एजंटांच्या सामायिक यादीतून विकलेली घरं, दोन्हींच्या किमतीत लक्षणीय फरक आढळला नाही. एजंट हमखास जास्त किंमत मिळवून देतो असं जे छातीठोक सांगतात, त्यांना हे उत्तर आहे. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की मालकांनी स्वतः काढलेल्या घरांना विकायला जास्त वेळ लागला, आणि बरेच जण शेवटी एजंटांच्या यादीकडेच वळले. ज्याला घाई नाही आणि ज्याला बोलणी जमतात, त्याने जरूर स्वतः विकावं. बाकीच्यांनी रिकाम्या घराचा दर महिन्याचा खर्च, कर आणि चालू असेल तर कर्जाचा हप्ता मांडून बघावा. आणखी एक. थेट व्यवहारात घेणाराही हाच मजकूर वाचून आलेला असतो. "तुमची दलाली वाचतेय ना, मग तेवढी कमी करा," हे वाक्य आम्ही तीनदा ऐकलं. तेच पैसे दोघंही आपल्या खिशात मोजत असतात.

चौथा मुद्दा, वकिलाचा. वकील हवाच. एजंट म्हणाला की वकिलाची गरज नाही, तर तो एजंट सोडा. पण वकील आपण दिलेल्या कागदांवर बोलतो, आणि कोणते कागद द्यायचे हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं. वडिलांनी घरावर काढलेलं कर्ज केव्हाच फिटलं होतं, मात्र नोंदीतून तो बोजा उतरवलेला नव्हता. आम्हाला पत्ताच नव्हता. बाईंनी पहिल्याच भेटीत कर्जफेडीचा दाखला मागितला, म्हणून ते गिऱ्हाईक येण्याआधी निस्तरलं. ऐन वेळी निघालं असतं, तर घेणाऱ्याच्या बँकेने त्याचं कर्ज अडवलं असतं.

पाचवा मुद्दा: दलाल स्वतःच्या फायद्याचं बघतो. त्या मजकुरातलं हे सगळ्यात खरं वाक्य आहे, आणि ते मी झटकणार नाही. लेव्हिट आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातले जवळपास 1 लाख व्यवहार तपासले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की एजंट स्वतःचं घर विकताना ते सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि त्यांना सुमारे 3.7 टक्के जास्त किंमत मिळते. कारण उघड आहे. तुमच्या घराचे शंभर जास्त आले, तर एजंटच्या हाती त्यातले एक-दोन पडतात, त्यासाठी आणखी दहा दिवस खपणं त्याला परवडत नाही. म्हणून एजंट "आलेली किंमत घेऊन टाका" म्हणाला, तर कारण विचारा आणि अलीकडे झालेल्या व्यवहारांचे आकडे मागा. काम देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: मोबदला किती आणि कधी, तो दोन्ही बाजूंकडून घेणार का, आणि करार किती महिन्यांचा. जिथे परवाना किंवा नोंदणी सक्तीची आहे, तिथे तो क्रमांक तपासा. अमेरिकेत तर 17 ऑगस्ट 2024 पासून तिथल्या घरदलालांच्या (रिअल्टर) संघटनेच्या नियमांनुसार घेणाऱ्याला घर दाखवण्याआधीच मोबदल्याचा लेखी करार करावा लागतो. एजंटला हे प्रश्न आवडले नाहीत, तर दुसरा बघा. वाईट डॉक्टर भेटला म्हणून आपण वैद्यकच टाकून देत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, टोकननंतर गायब होण्याचा. असे एजंट असतात. म्हणूनच मोबदल्याचा मोठा भाग शेवटच्या सहीवर ठेवा, आम्ही तसंच केलं होतं. टोकन आणि किल्ली यांच्यामध्ये आमचे अकरा आठवडे गेले. घेणाऱ्याच्या बँकेला एक कागद पुन्हा हवा होता, भावाची सही एका ठिकाणी वेगळी पडली होती, आणि मध्येच समोरच्या पार्टीचं मन डळमळलं. प्रत्येक वेळी संध्याकाळी बाईंचा फोन यायचा: काय झालं, आता कुणी काय करायचं, कधीपर्यंत. किल्ली दिली त्या दिवशी त्या मीटरसमोर उभ्या राहिल्या, विजेचा आणि पाण्याचा आकडा एका कागदावर लिहिला, खाली दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या आणि एकेक प्रत हातात दिली. दोन महिन्यांनी बिलं आली, तेव्हा कुणालाच कुणाला फोन करावा लागला नाही.