गोठ्यातली गोचीड आणि रानातली गोचीड

नमस्कार दादा,

युरोपातल्या गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात पोरं गोठ्यातच वाढतात, म्हशीच्या गोचिडी हातानं काढतात, कुणाला काही होत नाही. लस घ्या म्हणून भीती कशाला घालता?'

चार दिवस व्हिएन्ना बघून येणाऱ्याला लस घ्या असं मी म्हणत नाही. पण आपली पोरं शिकायला, नोकरीला ऑस्ट्रियात, चेकमध्ये, दक्षिण जर्मनीत जातात आणि उन्हाळ्यात तिथली रानं पायी फिरतात. त्यांनी ती जरूर घ्यावी. लशीचे तीन डोस असतात, पहिल्या दोनांत साधारण एक ते तीन महिन्यांचं अंतर, म्हणून तयारी लवकर लागते. गोचिडीच्या लाळेतच विषाणू असतो, चावल्यावर काही मिनिटांत तो अंगात जातो. संध्याकाळी गोचीड काढून भागत नाही. आणि आजार झाल्यावर त्यावर खास औषध नाही. तिकडे शेळीचं कच्चं दूधही पिऊ नये.

आता गोठ्याचं. गुरांवरची नेहमीची गोचीड बहुतेक आयुष्य एकाच जनावरावर काढते, माणसाच्या वाटेला क्वचितच जाते. रानातली तशी नाही. ती प्रत्येक अवस्थेत खाली पडते आणि नवं अंग शोधते: उंदीर, माकड, गुरं, माणूस. तिची मोहरीपेक्षा बारीक पिल्लं पालापाचोळ्यात असतात, पायावर चढली तरी कळत नाहीत. आपला माकडताप तिच्यामुळेच होतो. १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला त्याचा विषाणू युरोपातल्या विषाणूच्याच कुळातला आहे. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीतही हा ताप होता. चोर्ला घाट उतरलं की सत्तरीच की! काजूच्या हंगामाला आपली माणसं तिकडेच जातात, आणि या तापाचा मोसमही डिसेंबर ते मे.

युरोपातली लस इथं उपयोगाची नाही, माकडतापाची जुनी लसही आता बंद आहे. म्हणून जांबोटी-कणकुंबीच्या रानात जाताना पायमोजात खोचलेली पँट, पूर्ण बाह्या आणि उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, काखा, जांघा, कानामागं तपासा. गोचीड दिसली तर रॉकेल ओतू नका, विडीचा चटका देऊ नका. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. आणि आठवडाभरात एकदम ताप, डोकेदुखी, अंग ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरांना आधी सांगा, 'मी काजूच्या रानात होतो.'