आधी सस्पेन्शन, इंजिन शेवटी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

हिरोच्या एक्सपल्स बाइकवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : डर्टची (कच्च्या मातीच्या ट्रॅकची) रेस गाडी बनवायला घेतली, सगळा पैसा फोर्क आणि शॉकअपमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या सस्पेन्शनमध्ये घातला, इंजिनाला हात लावला नाही, मग ती रेसची गाडी कसली? तुमच्या वेळी पोरं आरएक्स १०० चे पोर्ट (सिलिंडरमधली वायू आत-बाहेर जायची भोकं) घासून, पाइप बनवून, कानाने ट्यूनिंग करून जिंकायची. सस्पेन्शनच्या स्क्रूचे क्लिक मोजून वहीत लिहिणं हा नुसता देखावा. आणि पुतण्याच्या २०१९ च्या एक्सपल्सला तुम्ही मोठ्या बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) ब्लॉक-पिस्टन, म्हणजे बोअरकिट, टाकायला निघाला आहात. या शेवटच्या वाक्यासाठीच एवढं लांब उत्तर लिहितोय. ते काम सुरू व्हायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचावं, असं मनापासून वाटतं.

आरएक्सबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. ९८ सीसी, बोअर ५० आणि स्ट्रोकही ५० मिमी, कारखान्यातून ११ हॉर्सपॉवर, आणि गाडी शंभर किलोच्या आसपास. पण तिथे कानसीने एवढा फरक का पडायचा? टू-स्ट्रोकमध्ये पोर्टची उंची हेच टायमिंग असतं. एक्झॉस्ट पोर्ट मिलिमीटरभर वर नेला की तो लवकर उघडतो, ताकद वरच्या आरपीएमला सरकते, आणि तिला जुळणारा फुगीर पाइप लावला की बाहेर निघालेलं ताजं मिश्रण पाइपमधली लाट परत सिलिंडरमध्ये ढकलते. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेडच्या वॉल्टर काडेनने हे गणित बसवलं, आणि आपल्याकडच्या मिस्त्रींनी तेच पत्रा कापून, वेल्डिंग करून साधलं. त्या कारागिरीला माझा सलाम आहे.

एक्सपल्स मात्र फोर-स्ट्रोक आहे. तिचं टायमिंग कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) ठरतं, पोर्ट घासून ते बदलत नाही. नुसता बोअर वाढवला तर मिश्रण जास्त जळणार, उष्णता वाढणार, आणि ती उष्णता काढायला हवेशिवाय काही नाही. डर्टवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ताणून पळते. इंजिन तापतं खूप आणि वारा लागतो कमी. त्यात ही इंजेक्शनची गाडी. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक) कंपनीच्या मॅपप्रमाणेच पेट्रोल मोजून देणार, तुमचा पिस्टन मोठा झालाय हे त्याला कळत नाही. मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), नोकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि रिंगा धरतात. शिवाय रेसचे वर्ग सीसीवर ठरतात. स्क्रुटिनीला (रेसच्या तपासणीला) बोअर मोजला तर पोरगं भलत्याच वर्गात जाऊन बसेल.

आता सस्पेन्शनकडे येतो. डर्ट ट्रॅकवर वेळ कुठे जातो, हे एकदा व्हूप्सच्या कडेला उभं राहून बघा. लागोपाठ उंचवटे, त्यावर गाडी येते. मागचं चाक पहिल्या उंचवट्यावर दबतं. रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत सुटण्याचा वेग) फार मंद असेल तर ते पुरतं सुटायच्या आत दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा; दर वेळी शॉकअप थोडा थोडा बसत जातो आणि चौथ्या-पाचव्याला दांडकं लावल्यासारखा कडक होतो. रिबाउंड फार मोकळा असेल तर उलट : मागची बाजू रायडरला वर फेकते आणि शेपूट डावी-उजवी मारते. दोन्ही वेळा पोरगं घाबरून थ्रॉटल सोडतं. म्हणजे हातात १८ हॉर्सपॉवर आहेत, त्यातलेच तो वापरत नाहीये, आणि आपण त्याला आणखी चार द्यायला निघालोय! क्लिक मोजतो ते यासाठी. दोन क्लिक मोकळं केलं, फेरी मारली, वहीत लिहिलं. नाही लिहिलं तर संध्याकाळपर्यंत आपण कुठून निघालो होतो हेच लक्षात राहत नाही.

लेखातल्या फोटोत फोर्कच्या नळीवर बांधलेल्या टायरॅपबद्दलही (प्लास्टिकच्या पट्टीबद्दल) तुम्ही विचारलंत. फोर्क दबला की सील त्या टायरॅपला वर ढकलतं आणि उठल्यावर तो तिथेच राहतो. उडी मारून आल्यावर तो ट्रॅव्हलच्या (फोर्क दबायच्या पूर्ण अंतराच्या) शेवटापासून जेमतेम बोटभर आधी सापडला तर समजायचं, ट्रॅव्हल नीट वापरला जातोय. निम्म्यातच अडकला असेल तर फोर्क कडक आहे, आणि तो त्रास रायडरच्या मनगटाला होतो.

हिरोच्या रॅली किटने पुढचा ट्रॅव्हल १९० वरून २५० आणि मागचा १७० वरून २२० मिमी होतो, पण किट महाग आहे हे मान्य. म्हणूनच पुतण्यासाठी किटच्या आधीचं सांगतो. सॅग, म्हणजे रायडर बसल्यावर गाडी किती दबते, ते मोजा. चाक अधांतरी ठेवून मागच्या एक्सलपासून सरळ वर मडगार्डवरच्या खुणेपर्यंत टेपने अंतर घ्या, मग हेल्मेट-बूट घालून पोराला बसवून पुन्हा घ्या. फरक ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश हवा. तो प्रीलोडने (स्प्रिंग आधीच कमी-जास्त पिळून) जुळवला की पोराला उतरवा आणि गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते बघा. ती जवळजवळ बसतच नसेल तर स्प्रिंग मऊ आहे. हे ऐकायला उलटं वाटतं, पण मऊ स्प्रिंग जास्त पिळून आपण त्याच्या वजनाला पुरी पाडलेली असते. याच्या उलट, पोरगं ५५ किलोचं आणि गाडी ७५ किलोच्या माणसासाठी लावलेली, म्हणजे स्प्रिंग त्याला कडक, हा प्रकारही आपल्याकडे सर्रास दिसतो.

फोर्कमध्ये जाड ऑइल घालून त्याची पातळी थोडी वाढवा. वरची हवा कमी झाली की शेवटच्या टप्प्यात फोर्क आपोआप कडक होतो आणि लँडिंगला ठोकर बसत नाही. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १३ ऐवजी १२ दात्यांचं करा. गिअरिंग आठ टक्क्यांनी खाली येतं, म्हणजे कोपऱ्यातून निघताना बोअरकिटकडून जे तुम्हाला हवं होतं त्यातलं बरंचसं मिळतं, आणि इंजिन जसंच्या तसं राहतं. आरसे, इंडिकेटर, साडीगार्ड, मागचे फूटरेस्ट, ग्रॅब रेल काढा. १५४ किलोच्या गाडीला हे लागतंच. चेन सैल-घट्ट बघताना स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) दाबून पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (सांधा) आणि एक्सल एका रेषेत आणा. चेन तिथेच सर्वांत ताणलेली असते, आणि उभ्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन तिथे तुटायला येते.

टायर मातीप्रमाणे बदलावा लागेल. मुरमावर वरचे सुटे खडे गोळ्यांसारखे घरंगळतात, तिथे हवा कमी करून टायरचा ठसा रुंद करावा लागतो. नॉबी (उंच गुट्ट्यांचा टायर) आणि रिमलॉक (टायर रिमला धरून ठेवणारी पकड) असेल तर १४-१५ पीएसआयपर्यंत उतरता येतं. रिमलॉक नसेल तर टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो, म्हणून आधी तो बसवा. काळ्या मातीत टँकरने पाणी मारलं की पहिल्या दोन-तीन फेऱ्या गाळ नॉबांच्या मध्ये भरतो आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे नॉबांमधली जागा जास्त असलेला टायर हवा.

इंजिनाचं एक काम मात्र मी प्रत्येक सरावानंतर करतो, आणि तेही इंजिनाच्या बाहेरचं : एअर फिल्टर. धूळ आत गेली की सिलिंडरला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. ऑइल लावलेला फोमचा फिल्टर वापरा, बसायच्या कडेला ग्रीसची रेघ ओढा आणि एअरबॉक्सच्या आत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर लाल धूळ आली तर ती गाडी ट्रॅकवर सोडू नका. बोअरकिटच्या पैशात असे दोन फिल्टर, टायर, स्प्रॉकेट आणि पोराच्या वजनाची स्प्रिंग एवढं सगळं बसेल. पोराचं वजन आणि सॅगचे दोन आकडे इथेच लिहा, स्प्रिंग बदलायची की नाही ते मी सांगतो.